नाव व्हर्जिनियाचं, गाव नाशिकचं

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईकडे निघालं की शहर संपता संपता पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, वर दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली चोवीस लेणी. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जाऊन आलेलो असतो. पायऱ्या चढताना धाप लागते, लेण्यात गेल्यावर गार वाटतं, आणि 'पांडवांचा इथे काही संबंध नाही' हे सरांनी सांगितलेलं वाक्य तेवढं लक्षात राहतं.

याच डोंगराच्या परिसरात विसाव्या शतकात दगडाच्या खाणी चालल्या. खडीसाठी काळा दगड फुटला आणि त्यातून काही पांढरे, रंगहीन, मोत्यासारखी झाक असलेले स्फटिक बाहेर पडले. परदेशातल्या संग्रहालयांत आणि खनिजांच्या बाजारात त्यांच्या लेबलवर आजही 'पांडुलेणा, नासिक' असं लिहिलेलं सापडतं. त्यातल्या एका दुर्मीळ खनिजाचं नाव आहे गूसक्रीकाइट. हे नाव अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या गूस क्रीक या ओढ्यावरून पडलंय. पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने कुठले, असं एखाद्या जाणत्या संग्राहकाला विचारलं, तर तो व्हर्जिनियाचं नाव घेणार नाही. तो नाशिक म्हणेल.

आपल्या डोंगरातल्या दगडाला सातासमुद्रापारच्या ओढ्याचं नाव कसं मिळालं? तो दगड 'तोच' आहे हे कोणी आणि कसं ठरवलं? आणि या सगळ्यात नोंद कशाची राहिली, कशाची राहिली नाही? ही गोष्ट त्याची आहे.

बुडबुड्यांतली घरं

सुरुवात साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी होते. तेव्हा इथे सह्याद्री नव्हता, गोदावरीही नव्हती. जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहत होता. थरावर थर साचत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. भूशास्त्रात याला दख्खन ट्रॅप म्हणतात. त्यातल्या थरांच्या एका गटाला आपल्या इगतपुरीचंच नाव आहे, आणि महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, याच थरांतून कोरलं गेलंय.

लाव्हामध्ये वायू असतात. लाव्हा थिजू लागला की वायू वर यायला बघतात आणि बरेचसे वाटेतच अडकतात. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे जागच्या जागी दगड झाले तर जे दिसेल, तसा हा दगड दिसतो. विहीर खणणारी माणसं अशा भोकाभोकांच्या, पांढरे ठिपके भरलेल्या खडकाला 'मांजऱ्या' म्हणतात. पुस्तकात त्याला कुहरी बेसाल्ट म्हणतात. कुहर म्हणजे पोकळी.

या पोकळ्या कायमच्या रिकाम्या राहिल्या नाहीत. खडकातून कोमट पाणी झिरपत राहिलं. त्याने बेसाल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका थोडंथोडं विरघळवून घेतलं आणि पोकळीत आल्यावर सोडून दिलं. कुठे गारगोटी झाली, कुठे अकीक, कुठे कॅल्साइट. आणि कुठे झिओलाइट.

झिओलाइट हे एका खनिजाचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. 1756 साली आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक खडा ज्योतीत धरला. खडा फसफसला, जणू उकळला. ग्रीक भाषेत उकळणे आणि दगड या दोन शब्दांची सांधणी करून त्याने नाव दिलं, 'उकळणारा दगड'. या खनिजांच्या सांगाड्यात रेणूंच्या मापाच्या खोल्या आणि बोळ असतात आणि त्यात पाणी राहतं. तापवलं की ते पाणी बाहेर पडतं. आज कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपड्यांच्या पावडरीपासून तेलशुद्धीकरणापर्यंत सगळीकडे वापरतात, ते याच बोळांमुळे.

अकीक बैलगाडीतून गेला

पोकळ्यांतल्या या धनाची दख्खनमधून निर्यात नवी नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वाटाड्यात पैठणचा उल्लेख आहे. तिथून गाड्यांमधून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, अकीकाच्या जातीचा दगड भडोचच्या बंदराकडे जात असे. अकीक टणक. त्याचे मणी होतात, त्याला झिलई चढते, म्हणून त्याला बाजार होता. झिओलाइट मात्र ठिसूळ. त्याचा मणी करायला गेलं तर भुगा होतो. त्यामुळे जवळपास दोन हजार वर्षं त्याला कोणी विचारलं नाही.

लेणी खोदणाऱ्या पाथरवटांना तर पोकळ्या नकोच होत्या. त्यांना हवा होता सलग कातळ. छिन्नी मारताना मध्येच पोकळी लागली तर खांब बिघडायचा. पण या पाथरवटांच्या काळातली एक गोष्ट या कथेत महत्त्वाची आहे.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यातल्या एकात त्याने या लेण्याला दिलेल्या दानाचा हिशेब आहे. 3000 कार्षापण दिले. त्यातले 2000 गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवले, दरमहा शेकडा 1 दराने. उरलेले 1000 दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी वापरायचं. आणि पुढे हेही लिहिलंय की हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला.

एखाद्या मुदत ठेवीच्या पावतीत असतं ते सगळं इथे आहे: रक्कम, दर, कोणाकडे, कशासाठी, कुठे नोंदवलं. म्हणूनच आज आपण त्या काळातल्या नाशिकच्या अर्थव्यवस्थेबद्दल काही खात्रीने बोलू शकतो. हा डोंगर नीट नोंद ठेवणाऱ्या माणसांचा डोंगर होता. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पुण्याने दिलेलं आणि पुसलं गेलेलं नाव

पेशवाई संपली आणि दख्खनमध्ये कंपनी सरकारचे मोजणी करणारे अधिकारी फिरू लागले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा त्यातला एक. माणसं, पिकं, पक्षी, पाऊस, खडक, सगळ्यांची मोजदाद त्याने केली. 1830च्या दशकात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी त्याने दख्खनच्या भूरचनेवर मोठा निबंध लिहिला. काळ्या खडकांतल्या या पांढऱ्या स्फटिकांकडे तिकडच्या अभ्यासकांचं लक्ष तेव्हापासून लागलं.

1831 साली हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने पुण्याकडून आलेल्या सुयांसारख्या स्फटिकांना नवी जात मानलं आणि 'पूनालाइट' असं नाव दिलं. आपल्या एका गावाचं नाव जगाच्या खनिजकोशात गेलं. पण ते टिकलं नाही. पुढे बारकाईने तपासणी झाली तेव्हा पूनालाइट म्हणजे आधीच माहीत असलेला मेसोलाइट निघाला. नाव रद्द झालं.

यात ब्रूकला हसण्यासारखं काही नाही. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट ही तीन सख्खी भावंडं आहेत. तिन्ही पांढऱ्या सुया, तिन्हींचे झुबके, तिन्हींची कठिनता जवळपास सारखी. फरक आतला. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. त्या काळच्या पद्धतीने स्कोलेसाइट ओळखायचा तर सुई ज्योतीत धरायची. ती अळीसारखी वळवळत वाकडी होते, आणि ग्रीक भाषेत अळी म्हणजे 'स्कोलेक्स'. पुढे ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक आले. दोन ध्रुवकांच्या मध्ये ठेवून सुई फिरवली की नॅट्रोलाइट सरळ उभा असताना काळा पडतो. स्कोलेसाइट मात्र तिरपा, साधारण 17-18 अंशांवर काळा पडतो. पांढऱ्याशुभ्र स्कोलेसाइटच्या कारंज्यासारख्या झुबक्यांसाठी आज नाशिकचं नाव घेतात.

ब्रूकनेच 1822 साली आणखी एक झिओलाइट वेगळा काढला होता, ह्यूलँडाइट. तो नाशिक-सिन्नर पट्ट्यातही भरपूर सापडतो. त्याचं नाव हेन्री ह्यूलँड या लंडनच्या खनिज व्यापाऱ्यावरून आहे. खनिजांच्या दुनियेत व्यापाऱ्याचं नाव दगडाला लागू शकतं. दगड फोडणाऱ्याचं लागल्याचं ऐकिवात नाही.

घाट फुटले

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला सह्याद्री दोन ठिकाणी ओलांडायचा होता. पुण्याकडे बोरघाटातून, नाशिककडे थळ घाटातून, म्हणजे कसाऱ्याहून इगतपुरीला. बोरघाटाचं काम 1856 ते 1863 चाललं. 25 बोगदे खोदले गेले. ऐन भरात तिथे 40 हजारांवर मजूर राबत होते. पटकीच्या साथी येत होत्या आणि माणसं हजारोंनी मरत होती. थळ घाटाची वाट 1865 साली खुली झाली.

सह्याद्रीचा कणा इतक्या खोलवर याआधी कोणी फोडला नव्हता. सुरुंगाच्या दारूने उडालेल्या कातळातून मुठीएवढ्या, काही ठिकाणी त्याहूनही मोठ्या पोकळ्या उघड्या पडल्या. आत हिरवट काचेसारखे ॲपोफायलाइट, मोत्याच्या झाकेचे स्टिल्बाइट. इंजिनिअरांनी ते जपून ठेवले आणि युरोपातल्या संग्रहांत पोचवले. लेबलवर ठिकाण आलं, नमुना देणाऱ्याचं नाव आलं. ज्याच्या पहारीने ती पोकळी उघडली, त्याचं नाव आलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्या लेबलांवर निदान घाटाचं नाव तरी होतं. पुढच्या शतकात तेही कमी होत गेलं.

खडीच्या ढिगातलं दुकान

स्वातंत्र्यानंतर रस्ते, धरणं, इमारती वाढल्या. शहरांभोवती खाणी आणि क्रशर आले. भूशास्त्राचे प्राध्यापक आर. एन. सुखेसवाला यांनी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या झिओलाइटांची पद्धतशीर मांडणी केली. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पट्टे दाखवले आहेत. किनाऱ्याकडे लॉमोंटाइटचा पट्टा, मग स्कोलेसाइटचा, मग ह्यूलँडाइटचा. म्हणजे कुठे कोणतं खनिज सापडतं यालाही काही संगती आहे. खडक किती खोल पुरला होता, किती तापला होता, कसं पाणी त्यातून गेलं, याची ती खूण आहे.

जवळपास त्याच वेळी दुसरं जग इथे आलं. अमेरिकेतले खनिज व्यापारी रॉक करिअर यांनी 1976 साली 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या नियतकालिकात दख्खनमधून नमुने कसे निघतात यावर लेख लिहिला. खाणीत सुरुंग उडतो. खडी फोडणारी माणसं पोकळी दिसली की छिन्नी-हातोड्याने तो तुकडा अलगद सोडवतात. गवतात, कागदात गुंडाळून बाजूला ठेवतात. आठवड्याने कोणीतरी घ्यायला येतो. त्याच्याकडून दुसरा घेतो, मग तिसरा, मग मुंबई, मग परदेशातलं प्रदर्शन. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला खडीच्या ब्रासपेक्षा एका चांगल्या तुकड्याचे जास्त पैसे मिळू लागले. त्यामुळे कितीतरी स्फटिक क्रशरच्या जबड्यातून वाचले, हे खरंच आहे.

नाशिकचं नाव 1982 साली पुन्हा त्याच नियतकालिकात आलं. रुस्तम कोठावाला यांनी नाशिकमध्ये पॉवेलाइट सापडल्याची हकीकत लिहिली. हे सिलिकेट नव्हे, कॅल्शियम आणि मॉलिब्डेनमचं खनिज. मधासारखे पिवळे स्फटिक, घनता 4.2च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या झिओलाइटपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की ते पिवळसर उजळतं. असं खनिज डोळ्यांनी नाही तरी हाताला लगेच कळतं. गूसक्रीकाइट मात्र असा सहज हाती लागणारा नव्हता.

तोच का हा?

1980 साली पीट डन, डोनाल्ड पीकॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या खनिजाचं वर्णन छापलं. नमुना व्हर्जिनियातल्या लीसबर्गजवळच्या न्यू गूस क्रीक खाणीतला. तीही दगडाचीच खाण. तिथले स्फटिक बारीक होते. त्यानंतर नाशिकजवळ पांडुलेण्याच्या खाणीत हेच खनिज सेंटिमीटरच्या मापात, सुटं उठून दिसणारं मिळालं. पण नियम असा, की वर्णन आधी जिथलं छापलं जातं, मूळ ठिकाण तेच ठरतं. आपला दगड मोठा होता, आपली नोंद मागाहून झाली. नाव ओढ्याचं राहिलं.

आता हा ओळखायचा कसा? मराठी विश्वकोशाची खनिजांवरची नोंद उघडलीत तर एक साचा दिसेल: स्फटिक, पाटन, कठिनता, वि. गु., चमक, रंग. त्या साच्यात गूसक्रीकाइट असा बसतो.

स्फटिक एकनताक्ष कुळातले. पण मुख्य खूण अशी की त्यांची पृष्ठं बऱ्याचदा सपाट नसून वळलेली असतात, जणू बाहेरून कोणी हलकेच दाबलंय. रंगहीन किंवा पांढरा. पाटन, म्हणजे ठरावीक दिशेने साफ फुटण्याचा गुण, एकाच दिशेला उत्तम. फुटलेल्या पातळीवर चमक मोत्यासारखी, इतरत्र काचेसारखी. कठिनता 4.5. विशिष्ट गुरुत्व 2.2च्या आसपास.

आता शेजाऱ्यांशी तुलना करा. स्टिल्बाइटही पांढरा आणि मोत्याच्या झाकेचा, पण त्याची कठिनता 3.5 ते 4 आणि त्याची बांधणी मधोमध आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखी. ह्यूलँडाइट तितकाच मऊ, आकाराने शवपेटीसारखा, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता. ॲपोफायलाइट 4.5 ते 5, म्हणजे कठिनतेने जवळचा. पण त्याचे स्फटिक चौकोनी बांधणीचे, वर मनोऱ्यासारखं टोक किंवा सपाट माथा, आणि मोत्याची झाक त्या माथ्याला समांतर. तो झिओलाइट कुळातलाही नाही. स्कोलेसाइटच्या तर सुयाच असतात.

घरी चाचणी करायची असेल तर आधी फुटका, बिनमोलाचा तुकडा घ्या. चांगल्या स्फटिकावर ओरखडा काढणं म्हणजे पुस्तक वाचायला पान फाडण्यासारखं आहे. आपलं नख कठिनतेच्या पट्टीवर 2.5च्या जवळ येतं, तांब्याची तार 3च्या, चाकूचं पातं 5 ते 5.5. तारेने चरा पडत नाही पण चाकूने पडतो, तर तुमचा खडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. चाकूही घसरला आणि उलट खड्यानेच काचेवर चरा पडला, तर बहुतेक गारगोटी, कठिनता 7. तारेने जेमतेम चरा पडला आणि लिंबाच्या रसाच्या थेंबाखाली हळूहळू बुडबुडे आले, तर कॅल्साइट. आपल्या भागात 'मला हिरा सापडला' किंवा 'झिओलाइट सापडला' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी खड्यांची शंका या तीन चाचण्यांत फिटते.

पण गूसक्रीकाइटपाशी या सगळ्या चाचण्या अपुऱ्या पडतात. एपिस्टिल्बाइट नावाचं आणखी एक खनिज आहे. ते 1826पासून माहीत आहे आणि दख्खनच्या खडकांतही सापडतं. दोघांचं रासायनिक सूत्र जवळजवळ एकच: कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाण्याचे रेणू, प्रमाणही जवळपास सारखं. म्हणजे दोन्ही खडे दळून प्रयोगशाळेत 'यात काय काय आहे?' असं विचारलं तर उत्तर सारखंच येणार. फरक आहे रचनेत. त्याच विटा, पण घराचा नकाशा वेगळा. खोल्या वेगळ्या, बोळ वेगळे.

हा नकाशा पाहायला क्ष-किरण लागतात. खड्याच्या पुडीवर क्ष-किरण सोडले की अणूंच्या रांगांवरून ते ठरावीक कोनांत परततात. त्या कोनांची यादी ही खनिजाची बोटांच्या ठशांसारखी ओळख. गूसक्रीकाइटचा सांगाडा नेमका कसा आहे, हे रोलंड राउज आणि पीकॉर यांनी 1986 साली उलगडून दाखवलं. असे खनिज लेबलवर 'गूसक्रीकाइट' म्हणून मिरवत असेल, तर त्यामागे कुठेतरी हा ठसा जुळवलेला असावा लागतो. नुसत्या डोळ्यांनी तज्ज्ञही अंदाजच करू शकतो.

क्ष-किरण जे सांगत नाहीत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ओरखडा, वजन, पाटन, ज्योत, सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण ही एवढी सगळी साधनं मिळून एका प्रश्नाचं उत्तर देतात: हे काय आहे? हे कुठलं आहे, याचं उत्तर त्यातलं एकही खात्रीने देत नाही. पुण्याजवळचा स्कोलेसाइट आणि नाशिकचा स्कोलेसाइट दोन्ही स्कोलेसाइटच. तो कुठला, हे फक्त सोबतची चिठ्ठी सांगते. चिठ्ठी हरवली की ती पुन्हा प्रयोगशाळेत तयार होत नाही.

आणि चिठ्ठ्या हरवतात. नमुना चार हातांतून जातो. पहिल्याला खाण माहीत असते, गट नंबर माहीत असतो, किती फुटांवर लागला तेही माहीत असतं. दुसऱ्याला गाव माहीत असतं. तिसऱ्याला तालुका. विमानात बसेपर्यंत लेबलवर फक्त 'नासिक' किंवा 'पूना' उरतं. कधी व्यापारी मुद्दामच खरी जागा सांगत नाही, स्पर्धक तिथे पोचू नये म्हणून. मग 'पूना' म्हणजे पुणे जिल्हा, की माल जिथून रवाना झाला ते शहर, हे कोणीच सांगू शकत नाही. बर्टोल्ड ऑटेन्स या जर्मन अभ्यासकाने 2003 साली दख्खनच्या खनिजांवर सविस्तर लेखन केलं. त्यात ठिकाणानुसार नोंदी आहेत. एवढ्या वर्षांच्या व्यापारानंतर खाणीखाणीप्रमाणे ठिकाणं लावण्याचं काम इतकं मोलाचं ठरतं, यातच सगळं आलं.

यात बिघडतं काय? एखाद्या शोभेच्या दगडाचं गाव नसलं तर नसलं! बिघडतं असं: सुखेसवालांनी जे पट्टे दाखवले, ते प्रत्येक नमुन्याचं ठिकाण माहीत असल्यामुळेच दाखवता आले. ठिकाण नसलेला स्फटिक सुंदर असतो, पण मुका असतो. या पोकळीत आधी कोण वाढलं, नंतर कोण बसलं, पाणी किती गरम होतं, हा खडक किती खोल होता, यातलं काही तो सांगत नाही. आणि दगडाची खाण ही मुळातच तात्पुरती जागा. खडी संपते, खड्ड्यात पाणी साचतं, मग भराव पडतो, मग प्लॉट पडतात. शहर वाढलं की खाणच बुजते. नाशिक किती वाढलंय ते पाथर्डी फाट्यावर उभं राहिलं की दिसतंच. गेलेल्या खाणीत परत जाऊन मोजमाप घेता येत नाही. मागे उरतो तो नमुना आणि त्याची चिठ्ठी, इतकंच.

नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत 'गारगोटी' हे खनिजांचं संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी उभारलेलं, 2001 साली सुरू झालेलं. आपल्याच मातीतले स्टिल्बाइट, ॲपोफायलाइट, स्कोलेसाइट तिथे काचेआड दिव्यात ठेवलेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाजर्द कॅव्हन्साइटही. त्याची कथा गूसक्रीकाइटसारखीच: मूळ नोंद 1973 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनची, जगप्रसिद्ध नमुने आपले. नावात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं, पण वाघोली कुठेच नाही. लंडन-न्यूयॉर्कला न जाता हे सगळं शिर्डीच्या वाटेवर पाहता येतं, ही मोठीच सोय. एकदा जाऊन या. मात्र स्फटिक पाहून झाला की खालचं लेबलही वाचा.

2022च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने भूवारसा स्थळं आणि भूअवशेष जपण्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. कायदे यायचे तेव्हा येतील. दरम्यान विहिरी खणल्या जातच आहेत, समृद्धीसारखे महामार्ग डोंगर कापत इगतपुरीपर्यंत आलेच आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर शेताच्या बांधावर पांढरे खडे उघडे पडतच आहेत.

तेव्हा तुमच्या हाती असा खडा लागला, तर नाव शोधायची घाई करू नका. नाव पुढे कोणीही शोधून देईल. मोबाईल आपल्या खिशातच असतो. उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. लोकेशन सेव्ह करा. गाव, वाडी, विहीर असेल तर साधारण किती फुटांवर, आणि तारीख, एवढं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून खड्याबरोबर त्याच पुडीत बांधा. आणि ज्याच्या हातून तो निघाला त्या माणसाला चालणार असेल, तर त्याचं नावही लिहा. पावणेदोनशे वर्षांच्या लेबलांवर जे नाही, ते निदान तुमच्या चिठ्ठीवर असू दे.

दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरावर कोणीतरी शेकडा पाऊण टक्क्याचा हिशेबही दगडात खोदून ठेवला. आपल्याला तर नुसतं लिहून ठेवायचंय.